आमच्या घरात सगळे काविळीनेच गेले

अबोली_कोथरूड:
बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

माझे वडील एक्कावन्नाव्या वर्षी गेले. कोणीही विचारलं की आई एकच सांगते, "कावीळ झाली होती." आजोबाही काविळीनेच. एक चुलत आजोबा, तेही. लहानपणी मला वाटायचं आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या पाण्यातच काहीतरी आहे. अकरावीत असताना एकदा कॉलेजमधून लवकर घरी आले, मोरीवरच्या माळ्यावरून घंगाळ काढायला गेले आणि घंगाळामागे रिकाम्या बाटल्यांची ओळ दिसली. मग सगळ्या काविळींचा उलगडा झाला.

भाऊ दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. मी थेंबालाही शिवले नाही, पण बाळंतपणानंतर एकदा आणि चाळिशीत पुन्हा एकदा डिप्रेशन आलं. गोळी अजून चालू आहे. वडिलांची बहीण, आमची आत्या, ती जन्मभर 'घुमी' म्हणून ओळखली गेली. वहिनी चिडली की म्हणते, "तुमच्या रक्तातच आहे."

आता मुलगी १९ वर्षांची आहे. शनिवारी मैत्रिणींबरोबर बाहेर जाते, थोडी घेते, आणि हे माझ्यापासून लपवत नाही. मी तिला घराचा हा इतिहास सांगावा का? नवरा म्हणतो, उगाच भूत दाखवू नकोस. आणि रक्तात आहे म्हणजे नक्की किती? भावाची दारू आणि माझं डिप्रेशन हे एकाच झाडाचं आहे का?

पेठेतला_पक्षी:
सदाशिव पेठेच्या पाण्याला नावं ठेवल्याबद्दल निषेध नोंदवून ठेवतो. बाकी धागा महत्त्वाचा आहे. रुमाल टाकतोय, रात्री सविस्तर लिहितो.

मावळतीचे_ऊन:
माझं स्पष्ट मत: जीन्स वगैरे सगळी पळवाट आहे. आमचे वडील माळकरी. आम्ही चौघे भाऊ, पुढच्या पिढीत नऊ मुलं, एकानेही बाटलीला हात लावलेला नाही. संस्कार म्हणतात ते हेच. आणि ताई, तुम्हाला मुलगी आहे ना? मग कशाला काळजी करता? हे दुखणं पुरुषांचं.

हिंजवडी_जॅम:
काका, कुठल्याही शुक्रवारी रात्री बाणेर-बालेवाडीला चक्कर मारा. दुखणं कोणाकोणाचं आहे ते कळेल.

शेपूची_भाजी:
"मुलगी आहे ना" वाचून हसावं की रडावं कळेना. माझी आत्तेबहीण बँकेत अधिकारी होती. पर्समध्ये खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत व्होडका. पाच वर्षं कोणाला संशय आला नाही, कारण कोणी संशय घेतलाच नाही.

१_ते_४_बंद:
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे (आयडीवरून दुकानदार समजू नये). जमेल तितकं लिहितो.

जुळ्यांवरच्या आणि दत्तक मुलांवरच्या अनेक अभ्यासांतून दारूच्या व्यसनाची आनुवंशिकता साधारण ५० टक्के निघते. इथेच सगळे घसरतात. याचा अर्थ 'तुमच्या मुलीला व्यसन लागण्याची शक्यता ५० टक्के' असा मुळीच नाही. लोकसंख्येत माणसामाणसांत जो फरक दिसतो, कोणी अडकतो आणि कोणी नाही, त्या फरकातला सुमारे अर्धा वाटा जनुकांतल्या फरकांचा, असा त्याचा अर्थ. आकडा समूहाचा आहे, एका माणसाच्या कपाळावर तो लिहिता येत नाही.

एक जुना अभ्यास सांगतो. डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांचा, १९७३ सालचा, डेन्मार्कमधला. ज्यांच्या जन्मदात्यांपैकी एकाला दारूचं व्यसन होतं, पण जे जन्मल्यावर सहा आठवड्यांच्या आत दत्तक गेले आणि दुसऱ्याच घरात वाढले असे ५५ पुरुष त्यांनी घेतले. तुलनेला व्यसनी आईबाप नसलेले ७८ दत्तक पुरुष. पहिल्या गटात १८ टक्के व्यसनी निघाले, दुसऱ्यात ५ टक्के. म्हणजे बापाला पाहिलंही नाही तरी धोका साडेतीन पटीच्या पुढे. हा आकडा मी पेशंटच्या घरच्यांना नेहमी सांगतो आणि लगेच दुसरी बाजूही सांगतो: १८ टक्के अडकले म्हणजे ८२ टक्के नाही अडकले.

@मावळतीचे_ऊन, बायकांमध्येही आनुवंशिकतेचा वाटा जवळपास तेवढाच निघतो. शिवाय शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने बाईच्या रक्तात अल्कोहोल जास्त चढतं आणि यकृताला इजा लवकर होते. बायका कमी दिसतात त्याचं मोठं कारण आजवर त्यांच्या हातात ग्लास कोणी दिला नव्हता.

शेपूची_भाजी:
डॉक्टर, हा दत्तक मुलांचा अभ्यास वाचून पोटात गोळा आला. आमचा मुलगा दत्तक आहे. पंधरा वर्षांचा. त्याच्या मागचं आम्हाला काहीच माहीत नाही.

१_ते_४_बंद:
ताई, माहीत नसणं म्हणजे धोका जास्त असणं नव्हे. ज्यांना आपल्या खापरपणजोबांपर्यंत नावं पाठ आहेत त्यांनाही खरं कुठे माहीत असतं? या धाग्याचं शीर्षक बघा.

खडकवासला_फुल्ल:
आयडीवर जाऊ नका, पिणं बंद होऊन अकरा वर्षं झाली. आयडी त्याच्या आधीचा आहे, बदलायचा कंटाळा.

माझी गोष्ट थोडक्यात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, गटारीला, मुळशीच्या बाजूला गेलो होतो. माझी पहिलीच वेळ. बाकीचे दोन-दोन पेगांत आडवे, कोणी ओकतोय, कोणी आईला फोन लावून रडतोय. मी सात घेतले आणि सगळ्यांसाठी अंडाभुर्जी केली. तिथून माझं नाव पडलं 'टाकी'. केवढा अभिमान होता मला त्या नावाचा! "याला चढतच नाही राव." मला वाटायचं आपलं शरीर दणकट, आपल्याला काय होतंय.

पुढची बारा वर्षं लिहीत बसत नाही. शेवटी सकाळी साडेसहाला क्वार्टर लागायची, नाहीतर दाढी करताना हात थरथरायचा. वडील प्यायचे का? तेही काविळीनेच गेले, अबोलीताई.

रानजाई:
टाकी हे नाव फार महत्त्वाचं आहे, म्हणून नमनालाच ते घेते. मी जनुकशास्त्रात काम करते (दारूवर नाही, भातावर. भाताची दारू होते, एवढाच संबंध).

मार्क शुकिट नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने सॅन दिएगोत तरुण मुलांवर काम केलं. अजून व्यसन न लागलेली, विशीतली मुलं, काहींचे वडील व्यसनी, काहींचे नाही. त्यांना मोजून दारू दिली आणि किती झोकांड्या जातात, किती चढल्यासारखं वाटतं हे मोजलं. काही वर्षांनी त्यांनाच पुन्हा गाठलं. ज्यांना कमी चढली होती, त्यांच्यात पुढे व्यसन जास्त. कारण समजायला सोपं आहे: शरीराची धोक्याची घंटाच हळू वाजते, मग माणूस पुढचा ग्लास भरतो. कमी चढणं हा गुणही अंशतः आनुवंशिक.

उलट टोक बघा. दारू शरीरात गेली की तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी. मग एएलडीएच-२ नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं ॲसिटेट करतं, ते निरुपद्रवी. चीन, जपान, कोरियात पुष्कळ लोकांमध्ये हे विकर जन्मतःच दुबळं असतं. एक ग्लास बिअर घेतली की तोंड लालबुंद, छाती धडधडते, मळमळतं. या लोकांना व्यसन लागायचं प्रमाण बरंच कमी. आपल्याकडे हा प्रकार क्वचित आढळतो, म्हणजे ते फुकटचं संरक्षण आपल्या वाट्याला आलेलं नाही.

अवांतर: फळमाश्यांनाही दारू चढते. १९९८ साली अशा माश्या सापडल्या ज्यांना फारच पटकन चढते. त्यांच्या जनुकाला संशोधकांनी 'चीपडेट' नाव दिलं. एका पेगात खर्च भागतो म्हणून.

पेठेतला_पक्षी:
पुण्यात शोध लागला असता तर त्या माशीला 'आदर्श जावई' म्हटलं असतं.

हिंजवडी_जॅम:
म्हणजे आमच्या टीममधला जो अर्ध्या बिअरमध्ये गझल म्हणायला लागतो, त्याची चेष्टा करायची नाही तर!

नाक्यावरचा:
अबोलीताई, भावासाठी एक उपाय. व्यसनमुक्तीची पावडर मिळते, भिंतींवर जाहिराती असतात बघा, 'न सांगता दारू सोडवा'. आमच्या शेजारच्या वहिनींनी आमटीतून दिली. काम झालं.

१_ते_४_बंद:
नका! हात जोडून सांगतो, हे करू नका.

त्या पुड्यांत काय असतं ते कोणीच सांगू शकत नाही, पण अनेकदा संशय असतो तो डायसल्फिरामचा. हे खरं औषध आहे, १९४८ पासून वापरात आहे. रानजाई यांनी सांगितलेलं विकर ते बंद पाडतं, म्हणजे आपल्या माणसाचं शरीर काही दिवसांपुरतं त्या जपानी माणसासारखं होतं. वर दारू प्यायली की धाप, उलट्या, रक्तदाब कोसळणं. पेशंटला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच ते देतात. आमटीतून दिलं आणि तो बाहेर जाऊन नव्वद मारून आला तर जीव जाऊ शकतो.

याच जातीचा दुसरा घरगुती उपाय म्हणजे खोलीत कोंडून ठेवणं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका रात्रीत तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी माणूस भ्रमात जातो, अंगावर किडे चालताना दिसतात, ताप चढतो. हा जिवावरचा प्रसंग आहे. पहिला आठवडा डॉक्टरच्या नजरेखालीच काढायचा.

नाक्यावरचा:
बरं झालं सांगितलंत. प्रतिसाद काढून टाकायला सांगू का?

संपादक:
राहू द्या. खालच्या उत्तरासह वाचला जाईल.

मावळतीचे_ऊन:
डॉक्टर आणि रानजाई, तुमचं सगळं वाचलं. पण मग आमच्या घरातल्या नऊ मुलांचं काय? ती का नाही प्यायली?

रानजाई:
काका, तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. ज्या घरात दारू येतच नाही, जिथे माळेची शपथ आहे, तिथे असला काही धोका रक्तात असला तरी त्याला कोणी विचारत नाही. तो तसाच पुढच्या पिढीकडे जातो. म्हणजे संस्कारांनी काम केलं हे खरं. पण 'जनुकं नाहीत' हे त्यावरून सिद्ध होत नाही. नऊपैकी एखादा नातू उद्या शिकायला परदेशी गेला आणि त्याने पहिला ग्लास घेतला, की मग विचारणा होईल.

मावळतीचे_ऊन:
एक गेलाय. टोरांटोला. बघतो फोन करून.

अबोली_कोथरूड:
सगळ्यांचे आभार, पण माझा मधला प्रश्न राहिला. माझं डिप्रेशन, आत्याचं घुमेपण आणि भावाची दारू. माझे डॉक्टर म्हणाले "फॅमिली हिस्टरी आहे" आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

रानजाई:
राहिला नव्हता, लिहायला वेळ हवा होता.

२०१९ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरचा एक मोठा अभ्यास आला, पावणेतीन लाखांच्या आसपास लोकांचा. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या. माणूस किती पितो, ही एक. पिणं त्याच्या ताब्यातून सुटलं आहे का, ही दुसरी. आपण या दोन्ही एकच समजतो. जनुकांच्या पातळीवर त्या बऱ्याच अंशी जुळतात, पण एकच नाहीत. नैराश्यासारख्या मानसिक आजारांशी जनुकीय नातं दिसलं ते दुसऱ्या गोष्टीचं, ताबा सुटण्याचं. नुसत्या प्रमाणाशी तसं नातं दिसलं नाही.

म्हणजे तुमच्या घरात जे उतरलंय ते बहुधा 'दारूचं जनुक' नाहीच. असं एक जनुक नसतंच. १९९० साली डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या एका ग्राहकाचं (रिसेप्टरचं) जनुक म्हणजेच व्यसनाचं जनुक, असा गाजावाजा झाला होता. पुढच्या अभ्यासांत त्यातली हवा बरीचशी गेली. शेकडो ठिकाणचे बारीक बारीक फरक असतात, एकेकट्याचा परिणाम चिमूटभर. त्यातले काही दारू पचवण्याशी निगडित, काही मनाच्या घडणीशी: किती लवकर खचतो, किती उतावीळ आहोत, ताण किती झिरपतो. हा दुसरा वाटा आत्याकडे, तुमच्याकडे आणि भावाकडे आलेला असू शकतो. भावाच्या हातात ग्लास होता, आत्याच्या हातात नव्हता.

१_ते_४_बंद:
शेवटचं वाक्य माझ्या दवाखान्यात लावतो.

भर एवढीच, की नातं जनुकांपुरतं नाही. खचलेला माणूस झोप यावी म्हणून पितो. चार दिवस झोप लागते. पण दारूची झोप पहाटे तीनला मोडते, आणि रोजच्या दारूने मन आणखी खाली जातं. कोंबडी आधी की अंडं, ते आम्हालाही पहिल्या भेटीत कळत नाही. म्हणून दारू थांबवून दोन-चार आठवडे बघतो. पुष्कळांचं नैराश्य तेवढ्यात ओसरतं. ज्यांचं ओसरत नाही त्यांना त्याचे स्वतंत्र उपचार लागतात. दोन्हींचे उपचार एकत्र व्हायला हवेत. केंद्रातून बाहेर आल्यावर पुन्हा घसरण्यामागे हे न ओळखलेलं नैराश्य अनेकदा असतं. भावाचं कोणी तपासलं होतं का?

अबोली_कोथरूड:
नाही. दोन्ही वेळा "सुटली, आता सांभाळा" एवढंच सांगितलं.

खडकवासला_फुल्ल:
माझं तपासलं म्हणून मी इथे टायपिंग करतोय. तिसऱ्या स्लिपनंतर. (मीटिंगमध्ये पुन्हा पिण्याला स्लिप म्हणतात. आम्ही घसरतो, पडत नाही.)

ज्यांना पुण्यात कुठे जावं कळत नाही त्यांच्यासाठी: येरवड्याचं मुक्तांगण सगळ्यांना माहीत आहेच, १९८६ पासूनचं, अवचट दांपत्याने पु.लं.च्या मदतीने उभं केलेलं. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मराठी मीटिंगा असतात, फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं. आणि रात्री-अपरात्री नुसतं बोलायचं असेल तर सरकारचा टेलि-मानस, १४४१६, मराठीत बोलतात.

पेठेतला_पक्षी:
रात्री सविस्तर लिहितो म्हणालो होतो, त्याला चार रात्री झाल्या. खरं सांगतो, लिहायला बसलो की मोडत होतो. माझेही काका 'काविळीने' गेले. घरी आईला विचारलं तर म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?" आता दर शनिवारी आपण किती घेतो ते पहिल्यांदा वहीत लिहिलंय. आकडा इथे देत नाही.

हिंजवडी_जॅम:
थुंकी टाकून जनुकं तपासून देणाऱ्या कंपन्या असतात. अबोलीताईंनी मुलीची तपासणी केली तर प्रश्नच मिटेल ना?

रानजाई:
नाही मिटणार. आजच्या घडीला एका माणसाच्या थुंकीवरून 'हिला व्यसन लागेल' असं सांगता येत नाही. शिवाय या अभ्यासांतले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे, ते गणित आपल्याकडे आणलं की आणखी लंगडतं. त्यापेक्षा आजोबा कशाने गेले ते विचारा. जास्त माहिती मिळते आणि फुकट.

शेपूची_भाजी:
आमच्यासारख्यांनी कोणाला विचारायचं?

खडकवासला_फुल्ल:
तुम्ही मुलालाच विचारत राहायचं, ताई. "किती चढली रे?" असं. लाजून नाही, रागावून नाही. मला घरी एकदाही कोणी विचारलं नाही.

पेठेतला_पक्षी:
आणि कायदा आठवण करून द्या. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. मला हे २९व्या वर्षी कळलं.

अबोली_कोथरूड:
तीन आठवड्यांनी आले, उशिराबद्दल क्षमस्व.

रविवारी सकाळी लेकीला घेऊन हनुमान टेकडीवर गेले. घरी बोलता आलं नसतं, घरात आई असते. वर पोचेपर्यंत धाप लागली होती, त्या भरात सगळं सांगून टाकलं. घंगाळ, बाटल्या, आजोबा, मामा, माझी गोळी. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आई, कावीळ नव्हती हे मला आठवीपासून माहीत आहे. आजीनेच सांगितलं. तुला सांगू नकोस म्हणाली, तुला त्रास होईल."

म्हणजे मी आईचं गुपित सांभाळत होते, आणि आई आणि लेक मिळून माझं.

गोळीचं मात्र तिला माहीत नव्हतं. ती बी-१२ची आहे असं तिला वाटायचं. त्यावर थोडी रडली.

उतरताना मी तिला विचारलं, खडकवासलांनी सांगितलं तसं, "तुला किती चढते गं?" तर हसून म्हणाली, "मला नाही चढत. म्हणून तर शनिवारी सगळ्यांना घरी मीच सोडते, माझ्या गाडीवर." तिला वाटलं मला बरं वाटेल.

१_ते_४_बंद:
पहिली गोष्ट, गाडी. न चढलेली दारूही रक्तात असतेच, हातपाय तिचं ऐकतात. ती किल्ली आजच बंद करा. दुसरी, घाबरू नका. तिने स्वतःहून सांगितलंय. तिची एकदा माझ्यासारख्या कोणाशी, किंवा खडकवासलांसारख्या कोणाशी, गाठ घालून द्या. उपदेश नको, नुसती गाठ.

खडकवासला_फुल्ल:
अबोलीताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. मुळशीहून सगळ्यांना पहाटे घरी सोडणारा मीच होतो. ते इथे लिहिलं नव्हतं.

अबोली_कोथरूड:
वाचला. दोनदा वाचला. तिला दाखवू का?

खडकवासला_फुल्ल:
दाखवा की. नाव झाकायचीही गरज नाही, तेवढं एकच त्यात खोटं आहे.